आडवी पाटी

इस्मेवहिनीने औषधांचा डबा युलाच्या पुढ्यात असा आदळला की अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुंपणापलीकडे गेल्या.

"परत आला," ती म्हणाली. "बघ, बघ ना. वरची दोरीसुद्धा सोडली नाही मेल्यांनी."

डब्यात इन्सुलिन होतं. बर्फ कधीच वितळून गेला होता आणि बाटल्या कोमट पाण्यात लोळत होत्या. युलाने एक उचलली, उगाच उजेडात धरून पाहिली आणि परत ठेवली.  युलाली प्रोस्पेर ही सेंट ओडील बेटाची परराष्ट्रमंत्री. गाडीवर झेंडा, दाराशी ड्रायव्हर. आणि सख्ख्या भावापर्यंत औषधाची एक बाटली पोचवणं तिला जमलं नव्हतं.

भाऊ म्हणजे क्लोव्हिस. आन्स मारीच्या किनाऱ्यावर त्याच्यासारखा तांडेल नाही असं त्याच्याशी भांडलेली माणसंही म्हणत. बाप समुद्राने नेला तेव्हा क्लोव्हिस शाळा सोडून बोटीवर चढला आणि युलाला म्हणाला, तू मात्र शिकायचं, मासळीला हात लावलास तर तंगडं मोडीन. ती शिकली, परदेशी जाऊन आली, मंत्री झाली, आणि हा बाबा अजून पहाटे उठून खोल पाण्यात जात होता. गेल्या महिन्यात इंजिन बंद पडून त्याची बोट वाहत वाहत पलीकडच्यांच्या हद्दीत गेली. त्यांच्या गस्ती जहाजाने बोट धरली, क्लोव्हिस आणि त्याचे तीन सोबती धरले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या रेडिओवर सांगितलं की हेर पकडले. हेर म्हणे! ज्या माणसाच्या पोटात शेजारणीचं गुपित संध्याकाळपर्यंत टिकत नाही, तो कसली हेरगिरी करतोय कपाळाची!

पलीकडचे म्हणजे समुद्रापलीकडचा तो अवाढव्य देश. आम्ही बेटांवरची माणसं त्याचं नाव सहसा घेत नाही. नुसतं 'पलीकडचे' म्हटलं की कोण ते कुणाला विचारावं लागत नाही.

"सोमवारी डोंगरातल्या तुरुंगात हलवणार आहेत त्यांना," वहिनी म्हणाली. "आपल्या फादरने तिकडच्या पाद्र्याला फोन केला होता. तिथे दवाखाना नाही, काही नाही. साखर चढली की ह्यांना दिसेनासं होतं, मग शुद्ध जाते. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे गं."

"मग काहीतरी कर की! बारा देशांचे मंत्री उद्या तुझ्या दारात येऊन बसणार. रेडिओवाला सकाळपासून तेच कोकलतोय. एवढ्या मोठमोठ्या माणसांत ऊठबस तुझी, आणि चार मच्छीमार सोडवता येत नाहीत तुला?"

येतात वहिनी, सोडवता येतात, तेच तर दुखणं आहे, असं युलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि त्याऐवजी भलतंच बोलून बसली. "रविवारी दादा तुझ्या हातचं जेवेल," ती म्हणाली. "मी सांगते ना."

वहिनीचा चेहरा एकदम असा उजळला की युलाला स्वतःच्या जिभेचा संताप आला. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

रविवार तिने हवेतून काढला नव्हता. त्याच सकाळी पलीकडच्यांचा राजदूत तिच्या कचेरीत येऊन गेला होता. सेन्योर इबार्रा. गोड माणूस, इतका गोड की त्याच्याशी बोलून झाल्यावर चूळ भरावीशी वाटे. कोको पिता पिता त्याने क्लोव्हिसच्या तब्येतीची चौकशी केली, जणू क्लोव्हिस त्याच्याच घरी पाहुणा म्हणून राहिला होता.

"उद्या तुमचा संघ तुमारीविषयी काही ठराव करणार असं ऐकतो," मग तो म्हणाला.

ऐकायचं काय त्यात, सगळ्या जगाला ठाऊक होतं. आमच्या संघातल्या बारा देशांपैकी अकरा बेटं आहेत. एकटा तुमारी तेवढा पलीकडच्यांच्या कुशीत, मुख्य भूमीवर. त्या तुमारीच्या अर्ध्याहून जास्त मुलखावर पलीकडच्यांनी बोट ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, हे आमचं. नदीच्या काठाला त्यांच्या फौजेच्या राहुट्या लागल्या होत्या. तुमारीकडे सैन्य म्हणाल तर पोलिसांच्या बँडपेक्षा थोडं जास्त. त्याची सगळी भिस्त संघावर. बारा देश एका तोंडाने बोलले, तर लांबचे बडे देश मान वर करून बघतात, न्यायालयं जागी होतात, फौज नदी ओलांडण्याआधी दोनदा विचार करते. बारातला एक जरी फुटला तर ठरावच होत नाही. अकरांचा ठराव अशी चीज आमच्याकडे नाही.

कारण संघात मतदान हा प्रकारच नाही. हात वर करायचे, मोजायचे, जिंकले-हरले म्हणायचं, हे आमच्या वाडवडिलांना घरात भांडण लावण्यासारखं वाटलं. प्रत्येक मंत्र्यापुढे देशाच्या नावाची पाटी आडवी ठेवलेली असते. मजकूर वाचला जातो. ज्याला पटत नाही त्याने आपली पाटी उभी करायची. एकही पाटी उभी राहिली तर मजकूर गेला कचऱ्यात. सगळ्या आडव्या राहिल्या तर तो बारांचा. गप्प बसणं म्हणजेच हो म्हणणं.

"तुमची एक पाटी, मंत्रीणबाई," इबार्रा म्हणाला. "किंवा दुसऱ्या कुणाची. कुणी अडवला ते आम्हाला कशाला हवंय? अडला म्हणजे झालं. मग आमचे अध्यक्ष खुशीत येतील, चार गरिबांना माफी देतील. रविवारी सकाळच्या विमानाने तुमचा भाऊ घरी."

"हे लिहून द्याल?"

"बाई," तो दुखावल्यासारखं करत म्हणाला, "असल्या गोष्टी लिहितात का कुठे?"

"आणि ठराव झाला तर?"

"तर मग हेरांना हेरांसारखं वागवावं लागेल. माझ्या हातात काय आहे?"

तो गेल्यावर तिने पंतप्रधानांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा खोकले, आणि म्हणाले, "युला, परराष्ट्र खातं तुझं. तू जे करशील ते. मी तुझ्या पाठीशी आहे." पाठीशी म्हणजे किती मागे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी युला बैठक होती त्या हॉटेलच्या जेवणघरात आली ती सगळा भार एकटीच्या डोक्यावर घेऊन. तिच्या बशीत खारवलेली मासळी आणि मैद्याच्या जाड पुऱ्यांसारखे तळलेले बेक होते, घास मात्र तोंडात फिरत होता. समोर नेमके रामकिसूनकाका येऊन बसले. तुमारीचे परराष्ट्रमंत्री, डॉक्टर बिस्राम रामकिसून. वाळलेले, पांढऱ्या भुवयांचे, गेली कितीतरी वर्षं त्याच खुर्चीवर. संघातले सगळे मंत्री त्यांना काकाच म्हणत.

"पोरी, खा गं," ते म्हणाले. "तुझ्या भावासाठी काल देवापुढे दिवा लावला मी. तू म्हणशील, ह्या म्हाताऱ्याच्या दिव्याने काय होतं. पण आमच्यापाशी तेवढंच आहे."

त्यांनी ठरावाचा शब्द काढला नाही. तिला विचारलंही नाही की तू काय करणार. युलाला वाटलं, विचारा हो काका, विचारा, म्हणजे मी तुम्हाला तोंडावर सांगून तरी मोकळी होते. पण ते आपले केळं सोलत बसले. मग तिला तिथे बसवेना. हात धुवायच्या निमित्ताने ती उठली आणि बाहेर बदामाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

तिथे थिओ शार्ल तिची वाटच पाहत होता. थिओ म्हणजे शेजारच्या ला ब्रेश बेटाचा परराष्ट्रमंत्री. आभाळ निवळ असलं की ला ब्रेश आमच्या किनाऱ्यावरून दिसतं. तिकडचे लोक आमच्या कोंबड्या चोरतात असं आम्ही म्हणतो आणि ते आमच्याबद्दल तेच म्हणतात. युला आणि थिओ विद्यापीठात एका वर्गात होते, एकमेकांच्या वह्या उतरवून पास झाले होते. दोघांत मंत्र्यासारखं कुणीच बोलत नसे.

"थोबाड का असं सुजलंय?" तो म्हणाला. "झोपली नाहीस?"

"तू झोपलास?"

"मी कसला झोपतो! माझ्या बेटावरचा प्रत्येक दिवा पलीकडच्यांच्या तेलावर जळतो. आमच्या पंतप्रधानसाहेबांनी निघताना दम भरलाय, ठराव पास झाला तर तिकडेच राहा, इकडे तोंड दाखवू नकोस." त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "युला, इबार्रा तुझ्याकडेही आला होता ना?"

 तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रडू नकोस गं, लोक बघतात," थिओ घाबरून म्हणाला. "ऐक माझं. पाटी मी उभी करतो. नाहीतरी मला करायचीच आहे, मग तू कशाला तोंड काळं करून घेतेस? तू आपली गप्प बस. काकांच्या डोळ्याला डोळा देता येईल तुला, आणि तुझा भाऊही घरी येईल."

"खरंच करशील?"

"आईची शपथ."

"तुझी आई वारली रे, थिओ."

"म्हणून तर पक्की शपथ! आता तिला आणखी काय व्हायचंय?"

युला रडता रडता हसली. तिने त्याला मिठी मारली, मेल्या, तुझे उपकार कधी फेडणार मी, म्हणाली. मग आत जाऊन तिने गार झालेले दोन्ही बेक खाल्ले. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. काकांचा विश्वासघात होणार होता तो होणारच होता, फक्त तिच्या हाताने होणार नव्हता, आणि एवढ्यावर आपल्याला भूक लागते याची तिला लाज वाटली. लाज वाटत असतानाच तिने कोकोचा दुसरा कप मागवला.

बैठक सुरू झाली. अध्यक्षस्थानी सर क्लेमेंट बाप्टिस्ट होते, अगदी उत्तरेकडच्या बेटावरचे, संघातले सगळ्यात जुने. त्यांची एक रीत होती. परिच्छेद वाचून झाला की ते विचारत, "संघ काय म्हणतो?" मग सगळ्या पाट्यांवरून एकदा नजर फिरवत, समोरचा पेला उचलत, पाण्याचा एक घोट घेत, पेला खाली ठेवत आणि लाकडी हातोडी आपटत. कुणाला काही करायचं असेल तर ते पेला खाली टेकायच्या आत. हातोडी पडल्यावर देवाचंही चालत नसे. नवीन मंत्र्यांना पहिल्या दिवशी हेच सांगितलं जाई, बाबा रे, बाकी काही लक्षात ठेवू नकोस, म्हाताऱ्याच्या घोटावर नजर ठेव.

वादळांचा परिच्छेद झाला. केळीच्या व्यापाराचा झाला. जहाजांच्या तेलगळतीवर थोडी तणतण होऊन तोही झाला. तुमारीचा परिच्छेद शेवटी ठेवला होता. तो वाचण्याआधी काका बोलायला उठले. त्यांच्या हातात कागद होता, पण त्यांनी तो उलगडला नाही.

"माझ्या आजोबांची भातशेती त्या नदीच्या काठाला होती," ते म्हणाले. "आता तिथे शाळा आहे. मास्तरीण मला सांगत होती, पोरं रोज सकाळी विचारतात, बाई, आज आपण कुठल्या देशात आहोत? ती म्हणते, काय सांगू त्यांना? मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब, शनिवारी आमची माणसं सांगतील." त्यांनी तो कागद तसाच खिशात घातला. मग म्हणाले, "मला आणखी काही बोलता येत नाही," आणि बसले.

 युलाने टेबलापलीकडे थिओकडे पाहिलं. तो खाली मान घालून नाक पुसत होता.

अध्यक्षांनी परिच्छेद वाचला. शब्द साधे होते. तुमारीची सीमा आहे ती आहे, ती बळाने कुणी बदलू नये, आणि बदलली तर बारा देशांना ती आपल्या अंगावरची चाल वाटेल.

"संघ काय म्हणतो?"

त्यांची नजर पाट्यांवरून फिरू लागली. युलाच्या तळहातांना घाम फुटला होता. पुढ्यातला कागद ओला होऊ नये म्हणून तिने हात उचलला, आणि कुठे ठेवावा ते न कळून पाटीच्या कडेवर ठेवला. समोर थिओने मान वर केली. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. त्याचा स्वतःचा हात पाटीच्या दिशेने निघाला होता, तो मधेच थांबला आणि मागे गेला. मग तो खुर्चीला टेकून बसला.

अध्यक्षांनी पेला उचलला.

कर ना रे, युला मनात म्हणाली. आता कर. थिओ तिच्याकडे बघतच होता, डोळे मोठे करून, काहीतरी खुणावल्यासारखा. तिला वाटलं तो धीर गोळा करतोय. करेल, आता करेल, शपथ घेतलीय त्याने. म्हाताऱ्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. करेल. तिच्या बोटांखाली पाटी होती, नुसतं मनगट वळवलं असतं तर ती उभी राहिली असती. पण तिकडे काका मान खाली घालून, हात जोडून बसले होते, आणि थिओ करणारच होता, मग तिने का करावं? पेला खाली आला.

हातोडी पडली.

आधी कुणीतरी एक टाळी वाजवली आणि मग सगळी खोलीच टाळ्यांनी भरून गेली. काकांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. युलाला आवाज ऐकू येत होते, पण काय झालंय ते तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. शिरलं तेव्हा ती ताडकन उठली. तिची खुर्ची मागे पडली. तिने पाटी उभी केली.

"सेंट ओडील," अध्यक्ष हसून म्हणाले. त्यांना वाटलं बाई आभार मानायला उठली. टाळ्या थांबल्या. सगळ्यांना तिच्या भावाचं ठाऊक होतं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तिच्याविषयी कौतुक होतं.

"परिच्छेद परत उघडा," युला म्हणाली.

"काय म्हणालात?"

"परत उघडा, अध्यक्ष महोदय. माझी हरकत आहे. माझी होती हरकत."

"बाई, हातोडी पडली."

"पडली ते मलाही दिसलं!" तिचा आवाज चिरकला. "उघडा तो. माझा भाऊ आहे तिकडे. ठराव झाला तर सोमवारी त्याला डोंगरात नेऊन टाकणार आहेत, औषधाशिवाय मरेल तो. त्याने मला शिकवलं हो! तुमच्यात येऊन बसायच्या लायकीचं त्याने केलं मला. मी पाया पडते तुमच्या, सगळ्यांच्या पाया पडते, एकदा उघडा."

मंत्री म्हणून एवढी वर्षं वागली त्यातलं काही शिल्लक राहिलं नाही. ती चक्क हात जोडून उभी होती. कुणी खाली बघत होतं, कुणी खिडकीबाहेर. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"पडलेली हातोडी उचलायची तर सगळ्या बारांची तयारी लागते," ते हळू म्हणाले. "विचारून बघतो. सेंट ओडील म्हणतं, परिच्छेद परत उघडावा. संघ काय म्हणतो?"

आणि त्यांनी पेला उचलला. या खेपेला त्यांनी नजर फिरवली नाही. कधी नव्हे ते घाईघाईने पाणी प्यायले, इतक्या घाईने की थोडं टायवर सांडलं. म्हातारा तिच्या बाजूने होता.

पण पेला खाली टेकायच्या आधीच टेबलाच्या टोकाला एक पाटी हलली. ती रामकिसूनकाकांची होती. पाटी उभी राहिली, आडवी पडली, त्यांनी ती पुन्हा उभी केली आणि पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यांचे गाल भिजले होते.

"माफ कर, पोरी," ते म्हणाले. "दिवा मी अजून लावीन. रोज लावीन. पण ही पाटी मला उभी करायलाच हवी."

युला त्यांच्यावर ओरडू शकली असती. तिला ओरडताच आलं नाही. त्या म्हाताऱ्याने आपल्या माणसांसाठी जे केलं ते तिने आपल्या माणसासाठी केलं नव्हतं, आणि हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात तिने थिओला गाठलं. त्याच्या कोटाची कॉलर धरली आणि छातीवर बुक्क्या मारल्या. तो मार खात उभा राहिला.

"शपथ घेतली होतीस! आईची घेतली होतीस, हलकटा!"

"तुझा हात पाटीवर होता," तो म्हणाला. "मी पाहिला. म्हटलं, बाईचं मन बदललं, ती स्वतःच करतेय. मग मी पहिला कशाला करू? तू केलीस की तुझ्या मागोमाग मी करणार होतो. मी तुला डोळ्यांनी सांगत होतो, कर, कर म्हणून."

"घाम आला होता मला! नुसता हात ठेवला होता!"

"मला काय ठाऊक?"

"तुला तेल हवं होतं ना? साहेबांनी दम भरला होता ना? मग?"

"काका बोलले आणि माझा हात उचलेना गं," थिओ म्हणाला. तोही रडत होता. "मग तुझा हात दिसला आणि सुटल्यासारखं वाटलं. युला, खरं सांगू? भाऊ तुझा होता. मला वाटलं, माझ्यापेक्षा तुलाच जास्त गरज आहे, तू काही सोडणार नाहीस."

तिचे हात खाली आले.  त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. दोन शहाणे, शिकलेले, एका वर्गात बसलेले मंत्री, आणि दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत ती वेळ घालवली होती.

तिने गाडीतून इबार्राला फोन केला. त्याने लगेच उचलला. ती काय काय बोलली ते तिला नंतर आठवेना. विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, पुन्हा विनवण्या केल्या. मी हरकत घेतली होती, उशिरा घेतली पण घेतली, सगळ्यांनी पाहिलंय, विचारा कुणालाही, असं ती एखाद्या शाळकरी मुलीसारखी सांगत होती.

"मला फार वाईट वाटलं, बाई," इबार्रा म्हणाला. आवाजात पहिल्यासारखाच गोडवा होता. "ठराव मी वाचला. छान लिहिलाय." मग त्याने तिच्या वहिनीला नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला.

"मिस युला, घरी?" ड्रायव्हरने विचारलं.

"आन्स मारीला," ती म्हणाली.

रस्ता सगळा उताराचा. एकदोनदा तिला वाटलं, गाडी परत वळवावी, उद्या जावं, नाहीतर फादरला पाठवावं. पण जायचं तर आपणच, एवढं तरी आपल्या हाताने करू, असं म्हणून ती बसून राहिली. ऊन उतरलं होतं. किनाऱ्यावर बोटी ओढून ठेवल्या होत्या आणि गावातली माणसं रमच्या दुकानापुढे रेडिओभोवती जमली होती. तिची गाडी दिसली तशी माणसं बाजूला सरली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. कौतुकाने काढली की मयताच्या घरी काढतात तशी, ते तिला कळलं नाही.

इस्मेवहिनी दारात टेबल टाकून इस्त्री करत होती. क्लोव्हिसचा चर्चला घालायचा पांढरा सदरा होता. आत चुलीवर काहीतरी शिजत होतं, मसाल्याचा वास अंगणभर पसरला होता. रविवारच्या जेवणाची तयारी तिने आदल्या दिवशीच मांडली होती.

"रेडिओवाला म्हणतोय, बारा देश एकमुखाने बोलले," वहिनी वर न बघता म्हणाली. "त्यात तुझं तोंड होतं का गं?"

"होतं."

"म्हणजे तू हो म्हणालीस."

"हो म्हणाले नाही, वहिनी. तिथे हो म्हणावं लागत नाही. नाही म्हणायचं असेल तर समोरची पाटी उभी करावी लागते."

"तुझ्यासमोर होती पाटी?"

"होती."

"मग जड होती का?"

"नाही."

वहिनीची इस्त्री बाहीवरून पुढे जात होती, मागे येत होती. युलाला ठाऊक होतं की आता खोटं बोलता येईल. तुमारीसाठी केलं, नदीकाठच्या पोरांसाठी केलं, स्वतःचा भाऊ मागे ठेवला पण शेजाऱ्याची जमीन जाऊ दिली नाही, असं म्हणता येईल. अर्ध्या बेटाने ते आत्ताच मानलं होतं. बंद दारामागे ती हात जोडून उभी राहिली होती ते रेडिओला कुणी सांगितलं नव्हतं. उद्या चर्चमध्ये फादर तिचं नाव घेईल. वहिनी तिला जन्मभर शिव्या देईल, पण निदान काहीतरी मोठं म्हणून देईल.

"मग का नाही केलीस?" वहिनीने विचारलं.

"थिओ करणार होता," युला म्हणाली. "त्याने शब्द दिला होता. मी त्याची वाट बघत राहिले, वहिनी."

वहिनीने इस्त्री बाजूला ठेवली. सदरा उचलून दोन्ही हातांनी समोर धरला, खांद्याला खांदा जुळवून त्याची घडी घातली, आणि मग पहिल्यांदा नणंदेकडे नीट पाहिलं.

"आणि तिकडे ते तुझी वाट बघतायत," ती म्हणाली.